बोटीचं बूच

सोमवार, नऊ तारीख

जावईबापूंना सासूचा आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल. मीही बरी आहे, गुडघे सोडून. थोरल्याकडे मला काही कमी नाही. सूनबाई रोज विचारते, "आई, चहात साखर बरोबर आहे ना?" रोज नसते, रोज मी हो म्हणते. खोट्याची सवय लागली की ते कुठेही चालतं.

अक्षर वाकडं आहे, लावून वाचा. शाळा माझी दुसरीत सुटली. ना तिला माझी आठवण आली, ना मला तिची.

तुमच्या बायकोने फोनवर सांगितलं की बोटीचा विमा झाला, रविवारी पाण्यात उतरवणार, आणि चिमणी सगळ्यात पुढे बसणार. मागून ती ओरडतच होती, "आजी, भोंगा मी वाजवणार!" मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तुमच्या घरात फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावून बोलतात. तिथे मनातलं कोण काढणार? म्हणून हे पत्र. थोरला शुक्रवारी कामासाठी तिकडे येतोय, त्याच्या हाती देते. पाकीट डिंकाने पक्कं चिकटवलंय, त्याला डोकावायची खोड आहे.

बोट छान झाली हो. मागच्या शेडमध्ये तुम्ही आणि लंबूने प्लायवूडचे तुकडे उभे केलेत तेव्हा मी म्हटलं होतं, हे खुराडं कधी तरंगायचं? शेजारीण विचारायची, "जावयाने पलंग करायला घेतलाय का?" मग इंजिन आलं, लाल-हिरवे दिवे आले, आत साचलेलं पाणी उपसायचा पंप, आग विझवायची बाटली, भोंगा. लग्नात मुलीला एवढं दिलं नव्हतं मी. गाद्या मात्र माझ्या हातच्या. रेक्झिन शिवताना दोन सुया मोडल्या, पण शिवण बघा, बोट झिजेल, ती उसवणार नाही. गाद्यांबद्दल मला काही सांगायचं नाहीये.

लंबू येतो का? नसेलच येत. त्याचा जेवणाचा डबा तुमच्या बायकोने धुऊन शेडच्या खिडकीत ठेवलाय. तो न्यायलासुद्धा आला नाही म्हणे.

विम्याचा माणूस आला तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही. छोटी हातोडी घेऊन बोटीचा तळ वाजवत चालला होता. टक, टक, टक. आणि उजव्या बाजूला एका जागी भद्द, तडा गेलेल्या मडक्यासारखं. रंग खरवडून त्याने अंगठा दाबला तर नख उमटलं. म्हणाला, "काचेच्या कापडाचा थर इथे कच्चा राहिलाय. दुरुस्त करा, मग मला बोलवा."

तुम्ही लंबूकडे वळलात. त्या बाजूचं कापड त्यानेच चिकटवलं होतं, तुम्ही तेव्हा इंजिन आणायला गेला होतात. "शाळेपासूनचा मित्र तू, आणि एवढं धड जमलं नाही? माझी पोरगी बसणार आहे त्यात!"

लंबूने एकदा माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवत होते. बराच वेळ ओवत होते. दोरा आधीच ओवलेला होता.

मग त्याने हात पुसले आणि गेला.

कापड त्याने चिकटवलं, पण ते चिकटवायचं रेझिन मी कालवलं होतं. आता लिहितेच. त्याच्या आधी एकदा माझ्या हातून हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं ते औषध, जास्त पडलं आणि सगळं डब्यातच तापलं, धूर निघाला आणि ब्रश आत शिपायासारखा ताठ उभा राहिला. तुम्ही तो डबा ब्रशासकट भिंतीवर टांगलात, खाली लिहिलंत, "सासूबाईंचा स्वयंपाक". येणारा-जाणारा हसायचा. मीही हसले. पण हसणं वेगळं आणि पचणं वेगळं. त्या दिवशी लंबूला कालवून देताना मी हार्डनर निम्माच घातला. म्हटलं, सावकाश वाळेल, पण वाया जाणार नाही. जन्मभर काय कमी घालता येईल ते बघूनच संसार केला. मीठ कमी पडलं तर वरून घेता येतं. याला वरून घेता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लंबूने हात लावून बघितला. "आजी, हे चिकट कसं राहिलं? हार्डनर बरोबर घातला होता ना?"

"मला शिकवतोस? गारठा आहे, वाळेल."

त्याने विश्वास ठेवला. वर रंग चढला.

एवढंच असतं तर मी गप्प राहिले असते, जावईबापू. लंबूचं नाव गेलं, तुमची मैत्री गेली, तरी राहिले असते. गुडघ्यांचं निमित्त काढून इकडे पळून आले ती त्यासाठीच. पण त्याच निम्म्या हार्डनरचं उरलेलं रेझिन बोटीच्या मागच्या कोपऱ्यात लागलं आहे, पाणी सोडायच्या बुचाच्या भोकाशेजारी. त्या दिवशी विम्याच्या माणसाची हातोडी तिकडेच निघाली होती. मी हाक मारली, "साहेब, चहा निवतोय." चहा अजून उकळायचा होता. पिऊन झाल्यावर तो दिवे आणि इंजिन बघायला लागला. पुढच्या खेपेला तुम्ही नवा केलेला तुकडा तेवढा वाजवला आणि सही करून गेला.

तो विमा बोटीचा आहे. चिमणीचा नाही.

बूच शोधत असाल तर ते माझ्या औषधांच्या पिशवीत आहे. निघताना काढून आणलं. वाटलं, बूच नसलं तर बोट पाण्यात जाणार नाही आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. इथे थोरला म्हणाला, असली बुचं दुकानात ढिगाने मिळतात. शहाणपण माझं तेवढंच.

आधी लंबूकडे जा. त्याचा डबा न्या, रिकामा नेऊ नका. हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवा, "मला शिकवतोस" हे गाळू नका. मग दोघं मिळून तो कोपरा खरवडा आणि त्या माणसाला पुन्हा बोलवा, अख्खा तळ वाजवू दे. चहाला मध्येच हाक मारू नका. बूच न्यायला दोघं या. एकटे आलात तर देणार नाही.

चिमणीला सांगा, रविवारचा भोंगा आजीमुळे राहिला. का, ते विचारलं तर खरं सांगा. ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.

भिंतीवरचा डबा काढू नका. त्यात निदान हार्डनर पुरेसा पडला होता.

कमी घालणारी,
तुमची सासू