डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी

९ नोव्हेंबर, रविवार
भात झोडताना उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. चंद्राकाकूंनी पापणी उलटी करून जिभेनं काढलं. गावात सगळ्यांची कुसळं त्याच काढतात. "निघालं बग, गोरख. आता चोळू नगंस." तरी खुपतंयच. पण सावडीची माणसं — आज आमच्याकडं, उद्या आम्ही त्यांच्याकडं — खळ्यावर राबत असताना आपण डोळा धरून बसायचं? बसलो नाही.

१० नोव्हेंबर
डोळा लालबुंद. व्हॅनमधली पोरं भोरच्या शाळेत उतरवून तसाच सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला, रांगेत ताटकळलो. मग खिडकीतली बाई म्हणते, "डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारीच असतात." तोवर डोळा काय खिशात घालून ठेवू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
डॉक्टर शिबिराला गेले! दुपारपर्यंत बसवून घेतलं आणि मग सांगितलं. पुढच्या गुरुवारी या म्हणे. तिथंच आवाज चढवला. कुणी मान वर करून बघितलं नाही. पुण्याला जावं तर व्हॅन बंद, आणि घर तर तिच्यावरच चालतं. शेवटी मेडिकलमधून थेंब घेतले.

१५ नोव्हेंबर
लाली गेली! डॉक्टरपेक्षा मेडिकलवाला बरा.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आज हनुमंताची झोडणी. बायको वनिता सकाळपासून मागं लागलेली, "गुरुवार हाय, दवाखान्यात जावा की वो." पण हनुमंत आणि त्याची बायको आमच्या खळ्यावर दिवसभर राबली होती. सावड फेडायची सोडून बऱ्या झालेल्या डोळ्याला दाखवत फिरू? लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. पोरं सोडली, थेंब टाकले, झोडणीला गेलो.

२४ नोव्हेंबर
बुबुळावर पांढरा ठिपका आलाय. वनितानंच दाखवला. उजेड सहन होत नाही, डोकं ठणकतं. थेंब जास्त वेळा टाकतोय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
भेटल्या एकदाच्या डॉक्टर. तरुण मुलगी. डोळ्यावर टॉर्च मारला, परत एकदा मारला. "कुठले थेंब टाकताय?" बाटली दाखवली. "यानं लाली जाते, पण आतली बुरशी वाढते. भाताच्या कुसळानं बुरशीच होते. आधी का नाही आलात?"
आधी! दोन खेटे घातले हो बाई तुमच्या दारात! तिसरा घातला नाही, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. चिठ्ठी दिली — पुण्याला जा, उशीर करू नका.

२८ नोव्हेंबर
पुणे. या खिडकीतून त्या खिडकीत, दिवस गेला. नेमकी वनिता चहा आणायला गेली आणि आत बोलावलं. जखम भरेल, नजर येणार नाही. गाडी चालवायची नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि बाहेर आलो.
वनितानं विचारलं, "काय म्हनले?"
म्हणालो, वेळ लागेल, पण बरा होईल.

३ डिसेंबर
पोरांच्या आईबापांचे फोन. कधी येताय? का दुसरी व्हॅन लावू? सगळ्यांना एकच सांगतोय — सोमवारपासून.

८ डिसेंबर, सोमवार
व्हॅन काढली. पहिलीतली राजनंदिनी पुढं बसलेली. "काका, आज लई हळू चालवताय!" हसून दाखवलं. समोरून येणारी प्रत्येक गाडी उजव्या अंगानं येते, आणि त्या बाजूचं मला काहीच दिसत नाही.