नाकारलेल्या गिऱ्हाइकांची वही

४ मार्च
"हा तुमचा शौक आहे, बाई," — कर-अधिकारी मला सांगतो! बावीस वर्षं पहाटे साडेचारला उठून लीद उपसते, तो शौक? शौकीन माणसं नऊला उठतात. घोडी फळवायची, शिंगरू वाढवायचं, ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या कवायतीच्या, चाली शिकवायच्या — तालात, एका रेषेत, लगाम न ओढता — आणि मग विकायचं. हा धंदा नाही तर काय?
धंदा नाही, म्हणून इतर उत्पन्नातून तोटा वजा होणार नाही. मागचा सगळा कर भरा. म्हणजे त्यापायी खालचं कुरण विकून गेलंच. अपील केलं आहे.

९ मार्च
हिशेब धाकटे भावजी बघतात. म्हणाले, सुनावणीत कमी बोला. मी कमीच बोलते.

१२ मार्च
सुनावणीला वही नेली. माझा नियम आहे — गिऱ्हाइकाने आधी तीन सकाळी येऊन घोड्याचं ठाण साफ करायचं, खरारा करायचा. मी बघते. नापासांची नोंद वहीत, कारणासकट. एकोणीस जण. इतका चोख कारभार कुणाचा आहे?
सुनावणीच्या साहेबाने सावकाश पानं उलटली. "आणि पास किती?"
दोन.
महिनाअखेरपर्यंत एक तरी विक्री दाखवा, मग बघू, म्हणाला. उपकारच!
बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, चोरसुद्धा पुरावा घरून घेऊन जात नाही हो."

१७ मार्च
भावजींनी गिऱ्हाईक आणलं. घोडेस्वारी शिकवणारी बाई, चाळिशीची. तिला माझा काळ्या घोडा हवाय. नियम ऐकून तोंड वाकडं केलं नाही. उद्यापासून येणार. बघू किती टिकते.

१९ मार्च
घमेलं स्वतः उचलते. काळ्याला डाव्या खांद्यावर हात खपत नाही — न सांगता ओळखलं. आज वर बसली. माझ्याखाली काळ्या इतका हलका कधी चालला नव्हता.

२० मार्च
तबेल्यात फार हसते. घोड्यांपुढे इतकं हसणं बरं नव्हे. काळ्या देणार नाही म्हणून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "माझं काय चुकलं?"
वहीत विसावं नाव लिहिलं. कारण सुचेना. अर्धा तास बसले. जागा कोरीच राहिली.

२१ मार्च
अपील मागे घेतलं. तुमचं बरोबर आहे, हा शौकच आहे, असं साहेबांना सांगून आले. कुरण विकायला काढलं. नऊ घोडे वरच्या माळावर मावतील.