कवडशातली धूळ

३ फेब्रुवारी

मुरमुरे! किशोर म्हणाला, मुरमुरे उडतायत. कालपासून लॅपटॉपला चिकटून काळ्या पडद्यावर धूळ उडवतेय, आणि नवऱ्याला मुरमुरे दिसतात. हसूसुद्धा आलं नाही मला.

सासऱ्यांचं श्राद्ध जवळ आलंय. मी या घरात आले त्याच्या आधीच ते गेले. त्यांचा एकच धड फोटो आहे — माजघरात खाटेवर बसलेत, वर कौलातल्या काचेतून कवडसा पडलाय. तो फोटो जरा जिवंत करायचा, कवडशात धूळ तरंगती ठेवायची, एवढाच बेत. लग्नाआधी कल्याणच्या ॲनिमेशन स्टुडिओत मी हेच तर करत होते! आता सासरच्या गावी, वैशाखऱ्यात, घरी बसून तेच काम करते, अन् सासूबाईंच्या लेखी मी दिवसभर टीव्ही बघते. भांडत नाहीत. बोलतच नाहीत. एकदा त्यांनी माझं काम बघावं, 'बरं केलंस गो' म्हणावं. बाकी काय मागतेय मी?

५ फेब्रुवारी

वेग कमी केला. आता मच्छर वाटतात.

६ फेब्रुवारी

खरी धूळ बघितल्याशिवाय जमायचं नाही. कवडसा अजून तिथेच पडतो. मोबाइल लावून बसले — पण या घरात धूळ मिळेल तर शपथ! सासूबाई पाणी शिंपडल्याशिवाय झाडू मारू देत नाहीत, वर ओलं फडकं सकाळ-संध्याकाळ. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं हेच ऐकलं — "कोरडा झाडू मारू नको गो." तेव्हापासून वाटतं, माझं काहीच यांच्या मनास येत नाही.

शेवटी भाताचं रिकामं पोतं आणून झटकलं. काय सुंदर उडाली! कण खाली पडतच नाहीत. वर जातात, वळतात, उजेडाबाहेर गेले की दिसेनासे. चार क्षण टिपले असतील-नसतील, तोवर सासूबाई मागच्या दारातून धावत आल्या. तांब्यातलं पाणी शिंपडलं, पोतं हिसकून अंगणात फेकलं. चेहरा पांढराफटक. निदान ओरडल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. खूप रडले.

किशोरला विचारलं, आई अशा का वागतात? "सवय हाय तिची," म्हणाला आणि हेल्मेट उचलून कामाला निघाला. वडिलांचा विषय निघाला तरीही हा असाच पळतो. ते कशाने गेले, तेही मला कुणी सांगितलेलं नाही. नुसतं 'आजारी होते'.

७ फेब्रुवारी

काम उघडलंच नाही. भाकऱ्या करपल्या.

१० फेब्रुवारी

जमलं! पोत्याच्या त्या तेवढ्याशा चित्रणावरून जमलं. जवळचे कण मोठे आणि अंधुक, लांबचे बारीक. तीन थर केले. सासऱ्यांच्या तोंडाभोवती धूळ अशी तरंगतेय की आत्ता ते मान वळवतील. किशोरला मुद्दाम दाखवलं नाही. पहिल्यांदा आईंनाच दाखवणार.

भीती वाटतेय.

११ फेब्रुवारी

हात धरून त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. किती वेळ त्या सासऱ्यांकडे बघत राहिल्या. मग पदराचं टोक घेतलं आणि स्क्रीन पुसायला लागल्या.

"पूस ना गो ती," म्हणाल्या. "दमा हाय त्यांना."

त्या पुसत राहिल्या. मी धुळीचा एकेक थर बंद करत गेले.