रंजनाने बसविलेली बत्तीसशेची पट्टी

८ नोव्हेंबर, शनिवार. नेर.
वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वसंतरावांनी लिहिले : 'दिवाळीच्या दिवशी रंजनाने गुरुजींच्या संगणकात जुनी रॅम नवी म्हणून बसविली.' गुरुजी म्हणजे मी. दिवाळी आटोपली होती. तारीख २४ ऑक्टोबर. रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी सीलबंद होती. वेष्टन मी स्वतः फोडले. 'जुनी' हे वसंतरावांचे अनुमान आहे, घटना नव्हे.

आकडा मात्र खरा. पट्टीवर वेग ३२०० मेगाहर्ट्झ छापला आहे. पडद्यावर २४०० दिसतात. काल वसंतरावांना हे मीच सांगितले. आठ जीबीची ही नवी पट्टी, शेजारच्या खाचेत पूर्वीची चार जीबीची. कारण शोधावे लागेल.

रंजना माझी विद्यार्थिनी. बसस्थानकामागे तिचे संगणक दुरुस्तीचे दुकान. वाचनालयाच्या सहा संगणकांची वर्षभराची देखभाल तिच्याकडे सोपविण्याचे जवळजवळ ठरले होते. वसंतराव अध्यक्ष, मी सचिव.

९ नोव्हेंबर, रविवार.
सकाळी वसंतराव घरी. "गुरुजी, पोरीनं टोपी घातली तुमाले! शिकवलं तुमी अन् धडा तिनं देल्ला!"
सिद्ध झालेले नाही, म्हटले.
"आता काय सिद्ध कराचं राह्यलं? वरचे आठशे कुठी गेले, सांगा. सोळा तारखेच्या सभेत दुसऱ्याले देऊन टाकू वाचनालयाचं काम. झालं समजा."
कारण शोधून सांगतो, म्हटले. ठाऊक नसताना मी बोलत नाही. वसंतराव चहा घेऊन गेले.

१० नोव्हेंबर, सोमवार.
दुकानात गेलो. एरवी बसायला जागा नसते. आज चारही खुर्च्या रिकाम्या. तिने मान वर केली नाही.
"या सर. तुमी बी चोरी पाहाले आले काय?"
समजून घ्यायला आलो, म्हटले.
मग बोलली. बोली तशीच ठेवतो. "तुमी वर्गात शुद्धलेखन सांगत, तवा कोणाच्या चालीनं सांगत? जो सगळ्यात सावकाश लिहे, त्याच्या. तुमची जुनी पट्टी चोवीसशेची हाय. नवीले तिच्यासाठी थांबा लागते." पुढे म्हणाली, "ते मागं राहणारी मीच होती, म्हणून ध्यानात हाय."
जुनी काढल्यास ३२०० दिसतील? मी विचारले. "नाही. उद्या दाखवतो घरी येऊन."

११ नोव्हेंबर, मंगळवार.
आली. जुनी पट्टी काढली. पडद्यावर २६६६. चोवीसशे गेले, पण बत्तीसशेही नाहीत. साक्षीला बोलावलेले वसंतराव टाळी वाजवून म्हणाले, "पाहा! अजून बी कमीच!"
रंजना शांत. "काकाजी, मंद गडी उठून गेला, पण सांगणारे सरच हायेत ना? सरच्या तोंडाले सव्वीसशे सहासष्टच्या वर येत नाही." माझ्या प्रोसेसरची मर्यादा तेवढीच. निर्मात्याच्या पत्रकात वाचून खात्री केली. अगदी तसेच छापले आहे. सौ. स्वयंपाकघरात मोठ्याने हसली. मला हसण्यासारखे काही दिसले नाही, पण दृष्टान्त अचूक आहे.

मग तिघेही दुकानात. तीच पट्टी, मी शाईने खूण केलेली, तिच्या नव्या यंत्रात. पडद्यावर ३२००. वसंतराव चष्मा पुसत राहिले. "तरी बी... पयले सांगाले पायजे होतं तिनं."
रंजनाने माझ्याकडे पाहिले. मग पट्टी काढून परत दिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
तिचे ते पाहणे सकाळपर्यंत मनातून जाईना. हीच वही मागे चाळली. २४ ऑक्टोबर, माझेच अक्षर : 'रं. म्हणते, जुनी पट्टी काढा, नवी तिच्यामुळे हळू चालेल. आठ आणि चार बारा होतात. काढण्याचे कारण दिसत नाही.'

म्हणजे तिने सांगितले होते. मी ऐकले, नोंदविले, आणि विसरलो. काल वसंतरावांसमोर हे तिला सहज म्हणता आले असते.

पुढील मजकूर दुपारी गटावर पाठविला. सभेतही मीच वाचीन. वसंतरावांनी वाचल्याची निळी खूण आली आहे, उत्तर नाही.

तारखांचे शुद्धिपत्र
२४ ऑक्टोबर, शुक्रवार : सीलबंद नवी पट्टी बसविली. जुनी काढण्याचा सल्ला रंजनाने त्याच वेळी दिला. मी मानला नाही.
७ नोव्हेंबर, शुक्रवार : २४०० हा आकडा मी वसंतरावांना सांगितला. सल्ला सांगितला नाही. दोष माझा.
११ नोव्हेंबर, मंगळवार : तीच पट्टी दोघांच्या साक्षीने ३२०० वर चालली.
१६ नोव्हेंबर, रविवार : देखभालीचे काम कोणाला द्यायचे, याची सभा. वेळ सकाळी अकरा. निर्णय झालेला नाही.