सव्वीस तारखेची नात

मांजलपूर, बडोदे
१६ जानेवारी २००१

ती. निरूताईस,
वसंताचा शि. सा. न.

मोहना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सिझेरियनच करावं लागणार. डॉक्टर म्हणाले, तेवीस ते तीस, दिवस तुम्हीच ठरवा. आता बोल! सोसायटीच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिणाऱ्या इतिहासाच्या मास्तराची झोप उडणार नाही तर काय? तेवीसला नेताजी जन्मले, अठ्ठावीसला लाला लजपतराय. तीस नकोच, गांधीजी गेले तो दिवस. मी सव्वीसवर अडून बसलोय. प्रजासत्ताक दिन, गावभर झेंडे, जन्मभर सुट्टी! पोरगी चिडते. म्हणते, नाना, माझ्या बाळाला स्वतःचा एक साधा दिवस मिळू द्या. तूच समजाव तिला.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा वसंत

इंदूर
२० जानेवारी

चि. वसंतास अ. आ.

अरे, बाळंतीण ती की तू? तुझ्या वेळी चकल्या तळताना आईला कळा लागल्या, एवढंच आम्हाला ठाऊक. तुझं काय अडलं? लेकीला सुखानं झोपू दे.

खुशाली लगेच कळव. वाट बघते.
निरूताई

मांजलपूर, बडोदे
१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

नात झाल्याची तार पोचली असेल. मोहना शेवटी माझ्या हट्टापुढे नमली. सव्वीसला सकाळी तिला आत नेणार, तोच जमीन हलली. सगळे धावत अंगणात. ऑपरेशन दुपारी झालं. दोघी सुखरूप आहेत, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. पोरीच्या दर वाढदिवसाला लोक भूकंपच आठवणार ना गं! त्यात शेजारच्या मितालीबेनचा धाकटा भाऊ भुजला गाडला गेला. मी घरात सगळ्यांना बजावलं, त्यांना सत्तावीस सांगायची.

काल त्या बाळ बघायला आल्या. मांडीवर घेतलं आणि क्यारे आवी, कधी झाली, म्हणून विचारलं. मोहनानं माझ्याकडे न बघता खरं ते सांगून टाकलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मितालीबेन खूप रडल्या, पण पोरीला खाली ठेवेनात. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, वसंतभाई, पुढल्या वर्षी त्या दिवशी मला घरात एकटीला बसवणार नाही. सकाळीच इथे येईन, हिला न्हाऊ मीच घालीन.

तू पण ये. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.
तुझा वसंत