हरिहरांच्या छोट्या गाड्यांची वाटणी

मी, पद्मजा हरिहर मसूरकर, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार पिंपळे गुरव, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे, हात कापत नाही, आणि मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षर मला बहुतेकांपेक्षा चांगले दिसते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे कोणी पढवून लिहून घेतलेले नाही. उलट माझी मुलगी इरा म्हणाली, "आई, त्यात मोनिकाचं नाव कशाला घेतेस?" मी घेणार आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहता फ्लॅट. हा फ्लॅट माझे पती कै. हरिहर आणि मी दोघांनी मिळून घेतला. ते गेल्यावर दोन्ही मुलांनी हक्कसोडपत्र करून दिले, त्यामुळे आज तो एकट्या माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात तो मुलगा मिहिर व मुलगी इरा यांना समान हिश्श्याने मिळावा. ठेवावा की विकावा हे त्यांनी ठरवावे. लहान खोलीच्या भिंतीवर करड्या प्रायमरचे शिंतोडे आहेत. गिऱ्हाईक आले तर मिहिरने त्यावर कॅलेंडर लावून वेळ मारून नेऊ नये, आधी भिंत रंगवून घ्यावी. वडील मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगविभागात होते एवढे तरी लक्षात ठेवावे.

कलम २. बँकेतील ठेवी दोघांना निम्म्या-निम्म्या. माझे दागिने इराला. यावर मला जास्त लिहायचे नाही.

कलम ३. काचेच्या कपाटातील, हरिहरांनी केलेल्या छोट्या गाड्या. या सर्व गाड्या इराला द्याव्यात. मिहिर त्या ऑनलाइन विकील, तसे तो वडिलांच्या तेराव्यालाच बोलून गेला आहे. मोनिका त्या नीट सांभाळील याबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच त्या तिच्याकडे जाता कामा नयेत.

हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हरिहर चाकणच्या एका मोटार कंपनीत रंगकामाच्या विभागात होते. शिफ्ट करून घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. बोलणे म्हणजे "आमटीत मीठ कमी आहे" किंवा "बसचा पास संपला". मी थेरगावच्या शाळेत मराठी शिकवत असे. दिवसभर मुलांशी बोलून माझाही घसा बसलेला असे, त्यामुळे घरातल्या गप्पपणाचे मला काही वाटत नव्हते. माणूस अबोल आहे, एवढीच माझी समजूत होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांचे किट मागवायला सुरुवात केली. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापून, घासून, चिकटवून हाताच्या तळव्यावर मावेल एवढी मोटार करायची. पण खोक्यावरच्या चित्रासारखी गाडी त्यांनी एकदाही केली नाही. ते टप कापायचे, चाके बदलायचे, परदेशी गाडीला इथले बंपर आणि कॅरियर लावायचे. नखाएवढ्या दारावर रंगाचे पाच-सहा हात मारायचे आणि मध्ये मध्ये पॉलिश पेपरने पाण्यात घासायचे. लहान खोली त्यात गेली. थिनरच्या वासावरून खालच्या मजल्यावरचे सोपानराव जवळकर भांडायला आले होते. "वहिनी, आमी काय जेवायचं का न्हाई?" असे त्यांनी दारातच विचारले. मग हरिहरांनी त्यांना त्यांच्याच जुन्या मेटॅडोरसारखी एक गाडी करून दिली आणि तक्रार संपली.

मला कोणी गाडी करून दिली नाही. मी मागितलीही नाही. वासाची तक्रार केली असती तर मिळाली असती, असे आता वाटते.

मोनिका धोटे आम्हाला चिंचवडला अशाच छोट्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात भेटली. मूळची चंद्रपूरची, चाकणला गाड्यांच्या डिझाइनचे काम करणारी, एकटी राहणारी. हरिहरांची एक गाडी तिने खाली वाकून, तिला हात न लावता, चारही बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "सर, याला संत्र्याची साल अजिबात आली नाहीये." रंग नीट बसला नाही की संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो, त्याला त्यांच्या धंद्यात असे म्हणतात. हरिहर हसले. प्रदर्शनातून घरी येईपर्यंत हसत होते.

त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. ते सर आणि मी काकू. जन्मभर फळ्यासमोर मी उभी राहिले, आणि सर ते.

माझ्या मनात त्यांच्याविषयी वाईटसाईट काही नव्हते, आजही नाही. ते दोघे दार सताड उघडे ठेवून बसत. ते लावून घेतले असते तर बरे झाले असते, कारण मला सगळे ऐकू येत असे. हरिहर बोलत होते. कारखान्यात पहिल्यांदा मोरपंखी रंग आला तेव्हा काय झाले, पावसाळी हवेत रंग का फसतो, लहानपणी कऱ्हाडजवळच्या मसूर गावच्या शिवारातून जाणारी निळी मोटार कशी दिसायची. ही निळी मोटार मी त्या दिवशी स्वयंपाकघरात भाकरी थापताना पहिल्यांदा ऐकली. माझ्याच नवऱ्याच्या लहानपणीची गोष्ट मला दुसरीला सांगितली जात असताना कळली. माझी भाकरी करपली. ती मी हरिहरांच्या ताटात वाढली आणि त्यांनी ती बोलत बोलत खाल्ली.

मी पिंपरी कॅम्पात जाऊन स्वस्तातली दोन किट आणली. दुपारी ते झोपले की बाहेरच्या टेबलावर बसायची. पहिल्या गाडीचा टप चिकटवायच्या द्रावणाने वितळला. दुसरीचे दार तिरके बसले. पण अक्षर माझे पहिल्यापासून चांगले, आणि तीन शून्यांचा, म्हणजे केसासारख्या बारीक टोकाचा ब्रश हातात आल्यावर माझ्या लक्षात आले की तांदळावर लिहिता येईल इतके बारीक मला लिहिता येते. हे मी कोणाला सांगितले नाही. मी योग्य दिवसाची वाट पाहत होते.

तो दिवस वडापच्या वेळी आला. आमच्या कऱ्हाडकडे प्रवासी कोंबून नेणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. एका परदेशी जीपच्या किटचे वडाप करायचे हरिहरांनी मनावर घेतले. मोनिकाने मागचे बाक केले, शिडी केली, टपावर कोंबड्यांची पाटीसुद्धा केली. काचेवर काय लिहायचे यावर गाडी अडली.

"आमच्याकडे अशा जीपला काळी-पिवळी म्हणतात सर, तिच्यावर 'माँ' लिहितात," मोनिका म्हणाली.

"इकडं तसं नाही. काहीतरी असायचं. आठवंना झालंय," हरिहर म्हणाले.

मी दारात उभी होते. "पुढच्या काचेवर 'जोतिबा प्रसन्न'," मी म्हटले. "मागे ड्रायव्हरच्या पोरांची नावं. आणि डाव्या दारावर 'हात दाखवा, गाडी थांबवा', त्यातला 'हा' कायम खरवडलेला. लग्न झाल्यावर मी त्यातूनच आले होते. तुम्ही टपावर होता, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

हरिहर माझ्याकडे बघत राहिले. उठली ती मोनिका. स्वतःची खुर्ची पुढे करून म्हणाली, "काकू, तुम्ही बसा. तुम्हीच लिहा."

माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या शेजारी, बसायला जागा तिने दिली. तिच्या मनात चांगलेच होते हे मला माहीत आहे. चांगले नसते तर मला इतके लागले नसते.

मी बसले आणि लिहिले. सगळी अक्षरे, खरवडलेल्या 'हा'सकट. हरिहरांनी भिंगातून पाहिले. चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

त्या वडापला चिंचवडच्या त्याच प्रदर्शनातल्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्रकावर दोन नावे होती, हरिहर मसूरकर आणि मोनिका धोटे. अर्ज मोनिकाने माझे नाव घालून भरला होता, आयोजकांनी एका गाडीला दोनच नावे चालतील म्हणून तिसरे कापले. हरिहर मंचावरून म्हणाले, "घरच्यांचं सहकार्य लाभलं." मी तिसऱ्या रांगेत सहकार्य करत बसले होते. मोनिकाने तिथल्या तिथे आयोजकांशी वाद घातला. तो वाद माझ्या नवऱ्याने घालायला हवा होता.

कलम ४. वरील वडाप इराने कपाटात सर्वांत पुढे, डावे दार बाहेरून दिसेल असे ठेवावे. प्रशस्तिपत्रक लावू नये.

कलम ५. एअरब्रश, कॉम्प्रेसर, कटर, भिंग. ही हरिहरांची हत्यारे त्या प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाला द्यावीत, मात्र गाडीवर काम केलेल्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे त्यांनी लेखी कबूल करावे. न केल्यास इराने स्वतःकडे ठेवावीत. माझा तीन शून्यांचा ब्रश कोणालाही देऊ नये. मोनिका मागेल. तरीही नाही.

कलम ६. अर्धवट राहिलेली गाडी.

हरिहरांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणेही गेले. आयुष्यभर न बोललेल्या माणसाचे बोलणे गेले तर बायकोला फरक पडू नये, असे लोकांना वाटत असेल. रविवारी मोनिका येई, त्यांच्या पलंगापाशी बसून घासकाम करी, आणि ते डाव्या हाताने खुणा करत. त्या तिला माझ्या आधी कळत. मी औषधे देई, कूस बदलून देई, अंग पुसून देई. खुणा तिला कळत.

झटक्यापूर्वी त्यांनी शेवटची गाडी करायला घेतली होती. मोनिकाने स्वतःच्या पैशांनी पहिली मोटार घेतली, जुनीच, बदामी रंगाची छोटी गाडी. तिचीच प्रतिकृती तिला द्यायची असे त्यांच्या मनात होते. सांगाडा झाला होता, रंग बाकी होता. ते गेले तेव्हा ती तशीच खोक्यात राहिली.

वर्षश्राद्ध झाल्यावर मोनिका आली. बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत बसली आणि मग म्हणाली, "काकू, ती गाडी मला द्याल का? अर्धवट असली तरी चालेल."

"नाही," मी म्हटले. "माझ्यासाठी त्यांनी एक चाकसुद्धा केलं नाही. तुझ्यासाठी अख्खी गाडी कशाला?"

ती रागावली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा. मी रंगाचा कुठलाही हात मारला ना, की सर म्हणायचे, 'पद्मजाला दाखव. ती बरं म्हणाली तरच पुढचा हात मार. तिची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे.' दर वेळी हेच. म्हणून तर मी सारखी स्वयंपाकघरात गाडी घेऊन यायची. मला वाटायचं, माझ्याबद्दल असं कोणी कधी म्हणेल का?"

मला आठवले, ती खरोखरच येत असे. ओल्या हातांनी मी "बरं आहे" म्हणत असे आणि मनात म्हणत असे, ही मला दाखवायला आली, की बघ आम्ही काय करतो.

इथे वाचणाऱ्याला वाटेल की माझे मन निवळले. तसे झाले नाही. मला इतका राग आला की मी तिला जा म्हणाले. ते वाक्य माझे होते. ते मला सांगायचे सोडून त्यांनी तिला सांगितले, दर रविवारी सांगितले, आणि आता मला ते हवे असेल तर तिच्या तोंडून ऐकावे लागते. त्यांनी माझ्यासाठी ठेवलेले हे एकच वाक्य, तेही तिच्या ताब्यात. ती आणखी काही सांगेल म्हणून मीच पुढे तिला फोन केला. ती आली. तिने आणखी सांगितले. अजून येते, अजून सांगते, आणि प्रत्येक वेळी मला तितकेच बरे वाटते आणि तितकीच आग होते.

ती बदामी गाडी कोणाच्या नावाने लिहायची यावर मी अडले होते. वकिलांना विचारले, तर ते म्हणाले, "ज्याला काही द्यायचं असेल त्याला साक्षीदार करू नका. पुढे वांधा होतो." हे ऐकल्यावर माझे ठरले. मी मोनिकाला साक्षीदार म्हणून बोलावले. म्हणजे या कागदाने तिला काहीही मिळणार नाही.

त्याआधी मी गाडी पुरी केली. रंगाचा प्रत्येक हात मारला, घासला, आणि दाखवायला कोणी नव्हते म्हणून स्वतःच पाहून स्वतःच बरे म्हणाले. नंबर प्लेट लिहिली. आज सकाळी सह्यांच्या आधी ती मोनिकाच्या हातात दिली आणि सांगितले, "ही सरांची नाही. ही मी दिली आहे. कोणी विचारलं तर तसंच सांगायचं."

तिने ती उजेडात धरली, चारही बाजूंनी पाहिली. "काकू, एवढा साफ रंग सरांनाही जमला नसता," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे," मी म्हटले. "पण पुन्हा एकदा म्हण."

तिने पुन्हा म्हटले. सोपानराव सहीसाठी येऊन बसले होते, ते म्हणाले, "व्हय, खरं हाय."

यास्तव ही गाडी माझ्या मिळकतीत धरू नये. ती माझ्या हयातीत, माझ्या हाताने दिली गेली आहे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी इराने करावी. मिहिरने तिच्याशी वाद घालू नये. माझ्या दिवसांना मोनिका आल्यास तिला घरात घ्यावे. ती हरिहरांविषयी बोलेल. तिला बोलू द्यावे, आणि इराने ते नीट ऐकून घ्यावे, कारण मी तेव्हा नसेन.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी खाली सही केली आहे. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या आहेत. साक्षीदार क्र. २ हिने, ओळखीच्या जागी काय लिहू, असे विचारले. मी थोडा विचार करून सांगितले तसे तिने लिहिले आहे.

मृत्युपत्र करणार : पद्मजा हरिहर मसूरकर (सही)

साक्षीदार क्र. १ : सोपानराव विठोबा जवळकर (सही)
ओळख : शेजारी, खालचा मजला

साक्षीदार क्र. २ : मोनिका धोटे (सही)
ओळख : घरी नेहमी येणे-जाणे

स्थळ : पिंपळे गुरव
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार