देवाची उजवी

३० सप्टेंबर २००४, सकाळ
विधानसभेला अपक्ष उभा आहे. निशाणी कपबशी. धाकटा भाऊ हरेश उमेळ्यातलं आमचं सामाईक बावखल बुजवून बिल्डरला द्यायचं म्हणतो. आजोबांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, सगळी वाडी त्याच्यावर वाढली. आमदार झालो की पहिला कायदा बावखलांचा.
देवीपुढे कौल लावला. फूल उजवीकडे पडलं. हंसा म्हणाली, "ती तुमची उजवी. देवाची डावी." बायकोला राजकारण कळत नाही.

४ ऑक्टोबर
गावात प्रचार. घरोघर चहा मिळाला, तोही कपबशीत. याहून उघड पाठिंबा तो काय? ॲसिडिटी वाढली. उद्यापासून अर्धाच कप.

७ ऑक्टोबर
एव्हरशाईन सिटीच्या नव्या इमारतींत प्रचार. वॉचमनने गेटवर अडवलं. शिस्तीचे मतदार. एक बाई वरून ओरडल्या, "बावखल राहू द्या, टँकर कधी येणार ते सांगा!" म्हणजे पाण्याचा मुद्दा पोचला.
अर्धा कप जमत नाही. मतदार दुखावतो.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
हरेश ओटीवर आला. म्हणाला, "दादा, आपल्या बूथवर पाच मतं जरी पडली ना, तर बावखलाला हात नाय लावनार. नाय पडली तर विक्रीच्या कागदावर गुपचूप सही करायची." मी हसलो. पाच? देवीच्या नावाने शब्द दिला.
हंसा जेवली नाही. अपचन असावं.

१३ ऑक्टोबर, मतदान
रांगेत पहिला. लोकसभेला आलो नव्हतो, मशीन प्रथमच पाहिलं. नावंच नावं. डोळे मिटले, देवीचं स्मरण केलं, बटण दाबलं. मशीन गोड वाजलं. अंगावर काटा आला.
हंसा, मुलगा नथू, सून दिपिका, तिघांनीही कपबशीवर दाबलं. घरातच चार झाली. पाचव्याला अख्खा गाव आहे.

१६ ऑक्टोबर, मोजणी
मांडवाबाहेर उभा होतो. मध्येच खाली बसलो. उपवासामुळे.
आपल्या बूथवर चार.
हरेश बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, त्यातलं एक माझं हाय. तुमची घरची चार, माझं पाचवं, असा हिशेब केलेला. बिल्डरला नाय म्हनायला कारन पायजे होतं मला. मी पन त्याच पान्यात पोहायला शिकलो ना रे."
मग घरातलं कोण फुटलं? नथूने आईची शपथ घेतली. दिपिका रडली. मशीनमध्येच बिघाड. तक्रार करायला हवी.
हंसा हळूच म्हणाली, "बटण दाबताना तुमचे डोळे उघडे होते ना?"
बाहेर जाऊन बावखलाच्या काठी बसलो.

१८ ऑक्टोबर
हरेश म्हणाला, "राहू दे दादा, बघू काहीतरी." मी म्हटलं, देवीच्या नावाने दिलेला शब्द आहे.
तक्रार केली नाही. सही केली. डोळे उघडे ठेवून, बरोबर रेघेवर.